दुप्पट वेगानं

—नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिथे झाकण काढून ठेवलंय, स्क्रू सांडतील. इकडे या, पलंगावर बसा. तुमच्या ताईचे कपडे कपाटात, वरच्या दोन खणांत, बॅग पलंगाखाली आहे, चष्मा त्या टेबलावर. घाई काय आहे, मेहुणे? एवढा कॉम्प्युटर एकदा रिस्टार्ट होऊ दे, मग मीच काढून देतो सगळं. हे बघा — दाबलं बटण — एक, दोन, तीन, चार — आलं. बघितलंत? नाही बघितलंत. तुम्ही कपाटाकडे बघत होतात. तुम्ही बहीणभाऊ अगदी सारखे, डोळ्यासमोर काहीतरी घडत असतं आणि तुमचं लक्ष भलतीकडेच. तुमच्या घरी किती वेळ लागतो चालू व्हायला? मोजलं नाही? कसं मोजत नाहीत लोक, मला कळत नाही. रोज सकाळी हात जोडल्यासारखे यंत्रासमोर बसतात, ते गोल गोल फिरत असतं, आणि हे जांभया देत बघत असतात. मेंढरं आहेत नुसती.

हे असं आपोआप झालेलं नाही बरं का. तीन वर्षं घातलीयत मी यात. आधी रॅम वाढवली — म्हणजे, तुम्हाला कळेल असं सांगायचं तर, ओटा मोठा केला, एका वेळी जास्त भांडी मांडता येतात. मग पंखे बदलले. मग चालू होताना जे फालतू प्रोग्राम शेपटासारखे मागे लागतात ते एकेक करून हाकलले. मग स्क्रीनवरच्या खिडक्या उघडताना जरा सरकत, लाडात येतात ना, ते सरकणं बंद केलं — उघडायचं तर उघड, नखरे कशाला? मग स्क्रीनवरचा फोटो काढला. आमचाच होता, लग्नानंतरचा, कुठल्याशा डोंगरावरचा, तुमची ताई डोळे मिटून हसतेय असा. काढला आणि सरळ काळा रंग ठेवला. ती म्हणाली, अहो, त्या फोटोनं तुमचं काय घोडं मारलं होतं? मी म्हटलं, काही नाही, पण दर वेळी तो आणून लावायला मशीनला कष्ट पडतात. तर ती म्हणाली, मशीनला? एवढंच. बायकांचं हे बरं असतं — अर्धं वाक्य टाकायचं आणि उरलेलं आपण रात्रभर पूर्ण करत बसायचं.

लोकांना वेग नकोच असतो, माझं ऐका. आमच्या गोदामाच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. सकाळी मशीन चालू करतो आणि चहाला जातो. परत येतो तरी ते उघडतच असतं. मी म्हटलं, साहेब, मला जरा बसू द्या, सगळा कचरा काढून देतो. तर म्हणतो, असू दे हो, तेवढाच निवांतपणा. निवांतपणा म्हणे. तो रजेवर गेला तेव्हा मी बसलोच. काय साफ केलं मी ते मशीन — पळायला लागलं. आता त्यात एक बारीकसा प्रोग्राम प्रिंटरचा निघाला, तो मी बिनकामाचा समजून उडवला, पण त्यावर नाव धड नव्हतं, त्यात माझी चूक काय? दोन दिवस पावत्या निघेनात, ट्रक फाटकाबाहेर उभे. आणि कौतुक कोणाला? कोणाला नाही. मला फाटकापाशी बसवलं. हो, तिथेच असतो सध्या — हातानं पावत्या लिहितो, कार्बन घालून. ऑफिसातल्या कुठल्याही मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय मला. तुमच्या ताईला नाही सांगितलेलं हे. तुम्हीही सांगू नका. तसं काही नाही त्यात, पण उगाच.

ती त्या शाळेच्या पुस्तकांच्या प्रकाशकाचं काम करते ना घरून — मजकूर तपासायचा, चुका काढायच्या, तेच. दिवसभर याच मशीनवर. म्हणजे हा सगळा खटाटोप खरं तर कोणासाठी? तिच्यासाठीच ना? मी तर संध्याकाळी येतो. पण तिला त्याचं काही आहे का? तिला आपलं सगळं जिथल्या तिथे लागतं. हे चिन्ह इथे का नाही, ती फाइल कुठे गेली. एकदा मी फॉन्ट काढले — अक्षरांचे नमुने हो, ढिगानं होते, एवढे कशाला लागतात माणसाला? लिहायला एक वळण पुरे की. सकाळी तिनं भूगोलाचं पुस्तक उघडलं तर पानभर नुसते चौकोन. तिनं ओरडावं, भांडावं — नाही. शांतपणे म्हणाली, नद्यांची नावं होती यात. प्रकाशकाला फोन केला, फॉन्ट पुन्हा मागवले, रात्री जागून काम पुरं केलं. आणि मला म्हणाली, तुम्ही जेवून घ्या. मला असं थंड बोललेलं नाही सहन होत. आदळआपट केली तर माणसाला उत्तर तरी देता येतं.

तिचा एक प्रश्न ठरलेला. हे जे क्षण वाचतात, ते तुम्ही ठेवता कुठे? क्षण काय डब्यात भरून ठेवायचे असतात? पुस्तकं तपासून तपासून असं बोलायची सवय लागलीय तिला. मी म्हटलं, अगं, वाचलेल्या वेळात आणखी सुधारणा करता येते. त्यावर ती हसली. खूप दिवसांनी हसली म्हणून मीही हसलो, मग माझ्या लक्षात आलं की ती मला हसली. स्वतःच्या घरात माणसानं हे ऐकून घ्यायचं.

तो निळा स्वेटर तिचाच, घ्या. घडी मोडली तरी चालेल.

आणि आता या एवढ्याशा गोष्टीवरून घर सोडून गेली. तुमच्याकडे आल्यावर तिनं सगळं माझ्याच माथी मारलं असेल, म्हणून म्हटलं तुम्ही आलायत तर माझीही बाजू ऐका. तिचं म्हणणं मी मुद्दाम केलं. मुद्दाम कोण कशाला करेल? डिस्क भरत आली होती. डिस्क भरली की मशीन धापा टाकतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग मी शोधत बसलो की जागा खातंय कोण. तर निघालं ते आवाजाचं फोल्डर. 'आईच्या दुपारी' नाव. पावणेदोनशेच्या वर फाइली. मी—

काय झालं? तोंड का असं झालं तुमचं?

सांगितलं नाही तिनं? मग काय सांगितलं? नुसतं, येते काही दिवस राहायला? आणि तुम्ही विचारलं नाहीत. चार दिवस झाले, ती तुमच्या घरात जेवतेय, झोपतेय, आणि तुम्ही विचारलं नाहीत. धन्य आहे तुमच्या घराण्याची. कोणी कोणाला काही विचारायचंच नाही असा नियम आहे का तुमच्याकडे? तुम्ही नाही का, आई तुमच्याकडे राहायला येत नाही म्हणाल्या त्याचा राग धरून बसलात — नंतर दोन वर्षं फोन नाही. एकदम त्या गेल्यावरच आलात, तेही सगळं आवरल्यावर. मी काही बोललो तेव्हा? एक शब्द बोललो नाही. आता विषय निघाला म्हणून.

बसा. बसा हो, सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुमच्या आईंना शेवटी शेवटी दिसत नव्हतं ना नीट. मग त्या रोज दुपारी फोनमध्ये बोलून ताईला पाठवायच्या. लिहिता येईना म्हणून बोलायच्या. ताईनं ते सगळं या मशीनवर उतरवून ठेवलेलं, तिचा फोन पुढे बिघडला. काम करताना कधीकधी लावायची, मला ठाऊक होतं, पण मला वाटलं चार-दोन असतील. आणि मी न बघता उडवलं असं म्हणाल तर ते खोटं आहे. मी ऐकलं. नियमानं ऐकायला बसलो, हेडफोन कानाला लावून. पहिल्या पाच-सहा तर सरळ, अथपासून इतिपर्यंत. काय होतं त्यात? 'ऐकू येतंय का गं? हे लाल दिसतंय म्हणजे चालू ना?' — दर वेळी हेच, दर वेळी. मग नळाचा आवाज. मग भांडी. मग कितीतरी वेळ काहीच नाही, नुसता पंखा. मग म्हणायच्या, 'मांजर आलं होतं, गेलं.' पुन्हा पंखा. 'आज शेजारीण आली नाही, तिचे पाय दुखतात.' मग धाप लागायची, खोकायच्या, खोकून झालं की म्हणायच्या, 'हे काढून टाक हं, खोकल्याचं.' म्हणजे त्या स्वतःच म्हणायच्या काढून टाक. अर्धा-अर्धा तास, मेहुणे, आणि त्यात बोलणं किती, तर मूठभर. बाकी रिकामं. त्या रिकाम्यासाठी डिस्क अडवून ठेवायची?

रडताय की काय तुम्ही? नाही ना? मग ठीक.

त्या फाइली? नाही येत परत. तिनंही पहिला प्रश्न हाच विचारला. साधं पुसलं असतं तर आणता आलं असतं, कोणीही आणतं. पण मी काम अर्धवट करत नाही. तिच्या कामाचं तेवढं बाजूला काढलं, डिस्क मुळापासून साफ केली, त्यावर नवी सिस्टिम बसवली. म्हणून तर एवढ्यात चालू होतं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. ती त्या खुर्चीवर बसली आणि शोधायला लागली, कुठल्याही फोल्डरमध्ये जाऊन, पुन्हा पुन्हा — आणि खरं सांगतो, प्रत्येक फोल्डर पापणी लवायच्या आत उघडत होतं. मी म्हटलंसुद्धा, बघ, आता कसं उघडतं. तेव्हा ती उठली. पर्स घेतली, चपला घातल्या. चष्मासुद्धा इथेच राहिला. मला वाटलं कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल.

चूक म्हणायची तर एकच. तिनं आधी सांगायला हवं होतं. मला काय स्वप्न पडणार की त्यातली एखादी फाइल कोणासाठी राखून ठेवलीय? दारात उभी राहून म्हणाली, शेवटची धाकट्यासाठी होती, तो कधीतरी स्वतःहून विचारेल तेव्हा ऐकवायची होती. धाकटा म्हणजे तुम्हीच ना. मला वाटलं होतं तिनं ते तरी तुम्हाला सांगितलं असेल. नाही का?

हो, ऐकली होती. सांगितलं ना, सगळ्या ऐकल्या.

आता नेमकं काय होतं ते — थांबा, आठवतो. तुमचं नाव होतं, म्हणजे धाकटा, धाकटा असं दोन-तीनदा आलं. खिडकीचं काहीतरी होतं. तुम्ही लहानपणी खिडकीत बसायचात का? तसं काहीतरी. नंतर बराच वेळ त्या बोलतच होत्या, त्या दिवशी पंखा वगैरे नाही, सलग बोलत होत्या. पण तुम्ही लक्षात घ्या, पावणेदोनशे फाइली होत्या, माणूस किती बसणार? पहिल्या पाच-सहानंतर मी वेग वाढवला होता. दुप्पट केला. त्यात शब्द कळतात हो, सगळे कळतात, फक्त आवाज जरा बारीक होतो, चिमणीसारखा. 'त्याला सांग' असं म्हणाल्या. की 'त्याला सांगू नको'? ते मला आत्ता ठाम नाही सांगता यायचं. आणि शेवटी हसल्या. हसल्याच असतील. त्या वेगात हसणं नि रडणं एकसारखंच ऐकू येतं, त्याला मी काय करू?

असं बघू नका माझ्याकडे. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्ही किती ऐकलं असतंत? त्या बोलत होत्या तेव्हा तर तुम्ही एकही ऐकलं नाहीत.

काय? पुन्हा? पुन्हा काय सांगू, तेवढंच होतं. त्यांच्या शब्दांत? बरं. 'धाकटा ना, खिडकीत —' नाही, आधी दुसरं काहीतरी होतं. 'धाकट्याला सांग, की मी—'

की मी—

नाही येत. निघा तुम्ही. बॅग घ्या, राहिलेलं मी पाठवून देतो. निघा म्हटलं ना.