पाठीवरचा पंप

स्वार्थाशिवाय कोणी काही करत नाही, असं म्हणून राह्यला ना तू? मग आमच्या रशीदचाचाचं ऐक.

बीटीच्या बोंडातही गुलाबी अळी निघाली, ते साल. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळं फवारलेलं औषध माणसाच्या तोंडावरच येई. आमच्या शेजारचा गजानन फवारता फवारता वावरात पडला. बाजूच्या वावरातून रशीदचाचानं पाह्यलं. साठीच्या त्या माणसानं गजाननले पाठीवर घेतलं अन् डांबरी रस्त्यापर्यंत पळत आणलं. दवाखान्यात पोचल्यावर गजानन वारला.

राख सावडून आलो अन् सारे त्याच्या अंगणात बसलो. कोणीतरी म्हणालं, "त्याचं कुत्रं पाहा. मालक पडला तिथून अजून हटलं नाही."

"भाकरीसाठी बसलं ते," चाचा म्हणाले. "शिदोरी तिथंच होती."

"अन् तुम्ही, चाचा? सख्खा भाऊ करत नाही इतकं केलं."

चाचा चिडलेच. "काऊन देव बनवून राह्यले मले? फवारणीचा पंप माहा होता. नवा. त्याले वापराले देल्ला होता. तो पडला तं मी पंपासाठी धावलो. बस."

गजाननची बायको दारात बसली होती.

"पंप तं अजून वावरातच पडून आहे, चाचा," ती म्हणाली. "तुमच्या पाठीवर हे होते."