जावयाने ओढलेली रेघ

— नाही नाही, मास्तर, तुम्ही बोलू नका, सिस्टरनी मला आत सोडलंय ते याच अटीवर. तुम्ही नुसतं ऐका. मास्तर म्हटलं तर चालेल ना? तुमची मुलगी म्हणाली, पस्तीस वर्षं कोट शिवताय. मी इथला स्कॅन वाचणारा डॉक्टर — अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोक्यात डोकावणारा. पेशंटच्या खाटेशी येण्याची सवय नाही, म्हणून उभं कुठं राहायचं तेही कळत नाहीये. काल तुमच्या मेंदूचा स्कॅन मी वाचला. म्हणजे — वाचला म्हणायचं.

तर झालं असं, सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक कॉम्प्युटर आला. मेंदूचा झटका नुकताच सुरू झाला असेल, माणसाच्या डोळ्याला दिसेल न दिसेल इतका फिक्का, तर हा स्कॅनवर त्या जागी लाल रेघ ओढतो आणि घंटी वाजवतो. मी त्याला जावई म्हणतो. का? अहो, आल्या दिवसापासून त्याला वेगळी खोली, थंड हवा, आणि जो तो विचारतोय, काही कमी नाही ना! मला तीस वर्षांत खुर्ची बदलून मिळालेली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका आजींच्या मेंदूतला जुना डाग नवा म्हणून दाखवला — झालं, मी तो फोटो सगळ्या मजल्यांवर मिरवला. त्यानंतर ती घंटी बिघडली. बिघडली म्हणजे — बंद केली. मीच. डोकं उठायचं हो!

काल दुपारी तुम्ही आलात. चिठ्ठीवर काय? चक्कर. मी पडद्यावरून नजर फिरवली, म्हटलं, वयाला साजेसा मेंदू आहे, नॉर्मल. जावयानं डावीकडे रेघ ओढली होती. पाहिली ना मी — पाहून हसलो. टेक्निशियन बाई म्हणाल्या, "सर, परत बघता का?" मी म्हटलं, "अहो, त्याला रेघा ओढायचा नादच आहे." बाई हलेनात. माझ्या मुलीच्या वयाची पोर, पण दारात उभी राहून म्हणते, "सर, त्यांना शर्टाचं बटण लावता येत नाहीये. आणि ते शिंपी आहेत."

मग बघितलं. चष्मा पुसून बघितलं. आणि होतं हो, मास्तर — अस्तर कुठं संपतं नि कापड कुठं सुरू होतं ते कळू नये, तशी तिथली राखाडी नि पांढऱ्या भागांमधली कड पुसट झाली होती. मग काय, पळालो! या वयात, हे पोट घेऊन, दोन जिने — एक चप्पल वरच राहिली. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत गेलं, म्हणून आज तुम्ही माझी बडबड सोसताय.

रेघ दिसल्यापासून मी परत बघेपर्यंत दहा मिनिटं गेली फार तर. तुमच्या मुलीलाही मी तेच सांगितलं, दहा. म्हणजे — वीस. बाईंनी वेळ टिपून ठेवलीय, बावीस. आणि चिठ्ठीवर नुसतं 'चक्कर' नव्हतं. खाली दुसरी ओळ होती: उजवा हात जड, बोलताना अडखळतात. मी पहिल्या ओळीवरच थांबलो. जावई चिठ्ठ्या वाचत नाही, मास्तर. ती ओळ माझ्यासाठीच लिहिली होती.

बोटं व्यायामानं बरीचशी हलतील म्हणतात. बरीचशी. सुई धरता येईल का, ते मी विचारलंच नाही — भित्रा माणूस. घंटी सकाळी सुरू केली, बाईंच्या देखत. बावीस मिनिटांचं सगळं लिहून, सही करून वर दिलंय. मुलीलाही सांगणार आहे, पण म्हटलं, आधी तुम्हाला —

काय? काय हवंय? पाणी? पाणी नको. उशी वर घेऊ? तीही नको. मग तो हात कुठं — सिस्टरना बोलावू?

दाराकडे.

हो. बरोबर आहे तुमचं. जातो मी.