जाळी मोडू नका

काय सांगू तुम्हाला सर, आमी मूळचे शिरूरचे, घोडनदीचे म्हना, जुनी मानसं अजून घोडनदीच म्हंत्यात, माझा बाप तिथं एसटी स्टँडाभायेर पंक्चर काढायचा, म्हंजी चाकाचं घरानं आमचं, पन मी चाकाला हात लावत न्हाई, मी गाडीचं तोंड बघतो. बंपर, लाईटी आन् पुढची जाळी, तुम्ही लोक ग्रिल म्हंता ती. भांडगावला हायवेला माझं पत्र्याचं शेड हाय, कुनालाबी इचारा, बशीरभाईच्या हातनं क्लिप मोडली असं सांगनारा भेटायचा न्हाई. एकजन भेटंल, त्येचंच सांगतो, पन आधी काम कळू द्या तुम्हाला.

जाळी वढायची न्हाई सर, समदे वढत्यात आन् मोडत्यात. आधी बॉनेट उघडायचं, वरचे स्क्रू काढायचे, बंपरच्या रंगाला कागदी टेप लावायची, मग हात आत घालून मागनं एकेक कान चाचपायचा, प्लास्टिकचे बारीक कान असत्यात त्ये, क्लिपा म्हना, त्यांच्यावरच समदी जाळी अडकलेली असती. थंडीच्या दिसात त्ये कडक होत्यात, तवा गरम पान्याचं फडकं ठेवायचं. लोखंडी पेचकस, स्क्रूड्रायव्हर म्हना, मी लावत न्हाई, बांबूची कामटी घासून ठेवलीय, तिच्यानं कान दाबायचा, सुटला की टक असा आवाज येतो, मग म्होरला. काढली की गोधडीवर पालथी ठेवायची. पालथी का, तर म्होरनं समद्या जाळ्या सारख्याच चमकत्यात, खरं काय त्ये मागच्या बाजूला दिसतं. कुठं ठोकलीय, कुठं चिकटवलीय, जुन्या गाडीला नवी जाळी कशापायी बसवलीय, समदं मला कळतं. मानसं खोटं बोलत्यात सर, भिंतीला धडकली म्हंत्यात, म्हशीला धडकली म्हंत्यात. मी व्हय व्हय म्हंतो आन् जाळी पालथी करतो.

लोक म्हंत्यात बशीर लई संशयी. हाय मी संशयी. माझा धाकटा भाऊ रज्जाक, आमी दोघं भांडगावलाच खोली घेऊन राहायचो, त्यो कंपनीत होता, सकाळची बस धरायला फाट्यावर निघाला, हातात डबा, आन् एका गाडीनं उडवला त्येला. थांबली न्हाई गाडी. कुनी म्हनं पांढरी, कुनी म्हनं चंदेरी. पोलीस आले, पंचनामा झाला, समदं झालं, आन् तिसऱ्या दिवशी मी तिथं गेलो तवा गवतात मला ह्यो तुकडा घावला. हा बघा. बोटभर हाय. काळा, वर चांदीची पट्टी, जाळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याचा हाय, गाडीचं मॉडेल मी बघताच वळखलं. चौकीतल्या साहेबांकडं घेऊन गेलो तर म्हनले, अरे बशीर, असल्या हजारो गाड्या हायत रस्त्याला. खरं हाय त्यांचंबी. पन हजारातली एक तर हाय ना सर? आन् जाळी तुटली की मानूस कुठं जानार, माझ्यासारख्याकडंच जानार. तवापासनं ह्यो तुकडा ह्या बिस्कुटाच्या डब्यात हाय, आन् त्या मॉडेलची गाडी शेडात आली की माझं काळीज हलतं.

तर एक दिवस एक मास्तर आले, शिरूरकडच्या शाळेतनं रिटायर झालेले, तेच मॉडेल, चंदेरी. म्हनले जाळी खडखडती, काढून घट्ट बसवा, पन मोडू नका. मी म्हनलं न्हाई मोडत. तर परत म्हनले जाळी मोडू नका. चारदा म्हनले सर. म्हनलं मास्तर, जुनी हाय, नवी टाकू की, तर म्हनले न्हाई न्हाई, हीच पायजे. माझ्या डोक्यात घंटा वाजली. हीच का पायजे? आत हात घातला तर डाव्या कोपऱ्यात हाताला डिंक लागला, तडा चिकटवलेला, आन् त्येच्या शेजारचा कोपऱ्याचा तुकडा गायब. मास्तरांना म्हनलं च्या पिऊन या, तर जाईनात, तिथंच उभे, माझ्या हाताकडं बघत्यात. मी त्यांच्या तोंडाकडं बघतोय, मनात म्हनतोय, तूच हायस, तूच. कान दाबताना हाताकडं बघायचं सोडून मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, तिथंच चुकलं. टक न्हाई, कट्कन आवाज आला. चिकटवलेला जोड निखळला आन् कान मोडला.

 बिस्कुटाचा डबा आनला, तुकडा काढला, त्या कोपऱ्याला लावला. बसंना. उलटा लावला, सुलटा लावला, दाबला, बसंना. त्या जाळीची तुटल्याली कड आडवी व्हती आन् माझ्या तुकड्याची उभी. मास्तर म्हनले ह्ये काय करताय? तवा मी समदं सांगून टाकलं, तुमच्यावर संशय घेतला ह्येबी सांगितलं. मास्तर टायरावर खाली बसले. म्हनले, बशीरभाई, फाटकाला धडकवली व्हती माझ्या पोरानं, मी रागवंन म्हनून त्यानंच गुपचूप चिकटवली. काविळीनं गेला त्यो. त्येच्या हातचं एवढंच राह्यलं व्हतं, म्हनून म्हनलं मोडू नका.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांजपर्यंत बसलो, पोराचा डिंक खरवडला न्हाई, त्येच्यावरच मागनं पट्टी लावून जोडलं. मास्तरांनी बोट फिरवून बघितलं, म्हनले असू द्या, आता दोघांच्या हातचं झालं. आन् जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्येच मला सोसंना, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं व्हतं.

शिरूरला माझी अम्मा असती, ती म्हंती, टाक त्यो तुकडा घोडनदीच्या पान्यात, त्येच्यापायी तू मानसातनं उठशील. दोनदा पुलावर जाऊन आलो. टाकवंना. टाकला तर रज्जाकला इचारनारं कोन राह्यलं? अल्ला बघतोय म्हनायचं आन् गप कामाला लागायचं.

बास, एवढंच हाय माझं. तुम्ही लांबनं आला, ऐकून घेतलं, अल्ला तुम्हाला सुखी ठेवो, जाताना सावकाश जावा, फाट्यावर मानसं आडवी येत्यात. आन् रागवू नका सर, पन ती झाडाखाली लावलेली चंदेरी गाडी तुमचीच ना? नवी घेतली व्हती का जुनी? जरा बॉनेट उघडता का?