उंबरठ्याचा दगड

नाल्दो : ...पण तो दगड गेला कुठं, तेच कुणाला कळत नाहीये. चाळीस किलोचा दगड आहे, माद्रिना. खिशात घालून कुणी नेत नाही.

ओरालिया : पीठ पातळ लाव. पानाच्या कडेपर्यंत नको, वाफेवर ठेवलं की बाहेर येतं. तुझ्या आईनं शिकवलं नाही वाटतं.

नाल्दो : आई तमाले विकत आणते.

ओरालिया : म्हणूनच बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तुला माझ्या हातात दिलं असणार. हं, पुढचं पान घे. नाताळ तोंडावर आलाय, कामाचा शुक्रवार आहे, आणि तू सकाळी सकाळी एका दगडाचं सांगायला आलास?

नाल्दो : उद्या शनिवार. डोंगरावरच्या सायकलवाटेच्या दुरुस्तीला सगळे जमतील, वीस-बावीस जण. प्रत्येकाच्या तोंडी एकच आहे, ड्रायव्हरच्या वाटेवरचा तो दगड, आपला उंबरठा, कुणी काढला.

ओरालिया : मग? कुणी काढला म्हणतात?

नाल्दो : कीनन.

ओरालिया : तो उंच, वाकून चालणारा? मिनेसोटाचा?

नाल्दो : तोच. सप्टेंबरात सगळ्यांदेखत बोलून गेला, उतारावर हा उंबरठा जरा जास्तच आहे, नवख्या माणसाचा जीव जाईल. एवढंच बोलला होता. पण तीन आठवड्यांपूर्वी दगड गायब झाला, आणि सगळ्यांना तेच वाक्य आठवलं. परवा गाडीतळावर कुणीतरी त्याच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली. समोरून आला तर हात वर करत नाहीत. उद्या त्याला सांगायचंय, इथून पुढं येऊ नकोस. आणि ते मी सांगायचं, कारण मुकादम मी.

ओरालिया : तो काय म्हणतो?

नाल्दो : मी नाही, म्हणाला. एकदाच. मग म्हणाला, बायको गेल्यावर बर्फ सोडून इथं आलो, ह्या फीनिक्समध्ये तुमच्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. म्हणाला, शनिवार आला की आवाज फुटतो, नाहीतर आठवडाभर घसा तसाच.

ओरालिया : मांस घाल की त्यात. नुसतं पीठच गुंडाळतोयस.

नाल्दो : घालतो.

ओरालिया : त्या उंबरठ्यानं तुझ्या बापाचे पुढचे दोन दात खाल्ले, ठाऊक आहे ना? चौऱ्याऐंशी साल. तेव्हा सायकलींना कसले दणके सोसणारे दांडे नि काय, नुसतं लोखंड. आमच्या एवेरार्डोची बसवरची पाळी दोनला सुटायची, साडेतीनला आम्ही तिघं डोंगरावर. वाट कसली, कोल्ह्याच्या पावलांची रेघ होती. तुझा बाप आमादो पुढं. त्या दगडावरून असा उडाला की आधी टोपी खाली आली, मग तो, मग सायकल. उठला, रक्त थुंकला, आणि म्हणाला, घरात शिरताना उंबरठ्याला पाय लागला. तेव्हापासून तो उंबरठा.

नाल्दो : मला शंभरदा सांगितलंय बाबानं.

ओरालिया : तुला सांगितलंय. उद्याच्या त्या बावीस जणांतल्या किती जणांना ठाऊक आहे? वाटेचं नाव एवेरार्डोवरून पडलं, हे तरी? तिथून खाली बघितलं की बेसलाइन रस्त्यापर्यंत संत्र्याच्या बागा दिसायच्या. मार्चमध्ये फुलांचा वास वर कड्यापर्यंत यायचा. आता सगळी छपरंच. डोंगर तेवढा मधे राहिलाय, ताटात वाटी राहावी तसा.

नाल्दो : माद्रिना, मी काल संध्याकाळी एकटा जाऊन आलो तिथं.

ओरालिया : बरं.

नाल्दो : दगड होता त्या जागी उतार केलाय. मी गुडघ्यावर बसून बघितला. मुरूम तीन थरांत भरलाय. प्रत्येक थरावर पाणी मारून, धुम्मसानं ठोकून, मग दुसरा. कडेला हाताएवढे दगड तिरके लावलेत, पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून. कीननला खोरं सरळ धरता येत नाही. मागच्या महिन्यात त्यानं स्वतःच्या बुटावर मारलं.

ओरालिया : शिकेल हळूहळू.

नाल्दो : मग मी दगड शोधला. सगळ्यांनी शोधला होता, पण सगळे पांढरं पोट शोधत होते. दगड उपटला की उलटा पडतो, उन्हानं काळी झालेली पाठ खाली जाते, पांढरं वर येतं. लांबून दिसतं. मी काळी पाठ शोधली. पंधरा पावलांवर, झुडपाच्या सावलीत. पाठ वर, पोट जमिनीत अर्धं पुरलेलं, जुन्या दगडासारखं. भोवतीनं काड्या पसरलेल्या. ओढत नेल्याची रेघ फांदीनं पुसलेली.

ओरालिया : ते पान फाटलंय, बाजूला ठेव.

नाल्दो : मी आठ वर्षांचा होतो. एक दगड उलटा टाकला म्हणून तू मला परत एक मैल मागं नेलंस. म्हणालीस, ही काळी पाठ व्हायला हजारो वर्षं गेलीत, तुला उलटवायला एक क्षण लागला. ह्या शहरात दगड असा ठेवणारं माणूस मला एकच माहीत आहे.

ओरालिया : दुसरं भांडं दे. हे भरलं.

नाल्दो : माद्रिना.

ओरालिया : दोन सकाळी लागल्या. पहिल्या दिवशी पहारीनं नुसता सैल केला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली जुनी सतरंजी नेली, तिच्यावर घेऊन ओढला. पाण्याचे डबे पाठीवरून. तीन दिवस कंबर सरळ होत नव्हती. एवेरार्डोला सांगितलं, बाग खणली.

नाल्दो : का?

ओरालिया : तुला दिसत नाही का? एवेरार्डोच्या डोळ्यांचं मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझा चेहरा बघायचा तर तो माझ्या कानाकडं बघतो. डॉक्टरनं सांगितलं, गाडी बंद, सायकल बंद. गाडी त्यानं त्याच दिवशी बंद केली. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस, चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि आत जाऊन झोपला. सायकलीचं म्हणाला, एवढी राहू दे. मी माझ्या हँडलला घंटी बांधली, मेंढीच्या गळ्यातली असते तशी. मी पुढं, तो आवाजावर मागं. वाट त्याच्या पायांत आहे. वसंतापासून तसं चाललंय.

नाल्दो : आणि ऑक्टोबरात पडले.

ओरालिया : उंबरठ्यावर. मनगट मोडलं. प्लास्टर होतं तोवर रोज विचारायचा, कधी निघायचं. मी काय करायचं होतं? नको म्हणायचं? ते मला जमलं नाही. दगडाला नको म्हटलं.

नाल्दो : तूच शिकवलंस, दगड आपल्यापुरता सोपा करायचा नाही. जमत नसेल तर उतरायचं, सायकल हातात धरून न्यायची, त्यात लाज नाही.

ओरालिया : शिकवलं खरं.

नाल्दो : माझ्या मोठ्या पोरानं तिथं सहा महिने सराव केला. परवा गेला आणि रडत परत आला. म्हणाला, आजोबांचा उंबरठा कुणीतरी चोरला.

ओरालिया : ते नको सांगूस मला.

नाल्दो : मग एक सांग. फक्त त्यांच्यासाठी काढलास?

ओरालिया : तू आमादोचाच. तोही असाच शेवटी बारीक सुई काढायचा. नाही. फक्त त्याच्यासाठी नाही. तो पडला त्या दिवसानंतर मी एकटी गेले होते. एकाहत्तर वर्षांची आहे मी. उंबरठ्यापाशी आले आणि घाबरून ब्रेक दाबला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. उतरावं म्हटलं, तर उतरवेना. म्हटलं, आज जर उतरले तर मग पुढच्या वर्षी काय, त्याच्या पुढच्या वर्षी काय. घरी येऊन पहार काढली.

नाल्दो : बैस जरा. मी गुंडाळतो.

ओरालिया : तुला गुंडाळता येत नाही. कीननला किती वाईट वाटलं असेल रे. मला ठाऊकच नव्हतं. ऑक्टोबरपासून मी शनिवारी आलेच नाही. मला वाटलं, चार दिवस कुरकुरतील, विसरतील.

नाल्दो : तुझं नाव सांगायचं नसेल तर मी उद्या म्हणेन, कुणी केलं मला ठाऊक आहे, तो कीनन नाही, आणि पुढं विचारू नका.

ओरालिया : आणि ते म्हणतील, मुकादम त्याला पाठीशी घालतोय. नको. पण माझं नाव आलं की एवेरार्डोचं येतं. डोळे गेलेला म्हातारा सायकलवरून फिरतो, हे बावीस जणांना कळलं की घरात कळतं, मुलींना कळतं. मग त्याची सायकल गेलीच म्हणून समज. तेवढ्यासाठीच गप्प होते. तो आंघोळीला गेलाय, हळू बोल.

(नळ केव्हाच बंद झाला आहे. ओरालियाचा नवरा, नाल्दोचा धर्मपिता एवेरार्डो दाराच्या चौकटीला हात लावून उभा आहे, केस ओले.)

एवेरार्डो : कान शाबूत आहेत, ओरा.

ओरालिया : कधीपासून उभा आहेस?

एवेरार्डो : पांढऱ्या पोटापासून. नाल्दो, ये बाळा, इकडं डावीकडं सरक. हं, आता दिसतोस. बापासारखं कपाळ.

नाल्दो : पाद्रिनो, तुम्ही बसा.

एवेरार्डो : बसतो. कॉफी आहे?

ओरालिया : तुझ्या उजव्या हाताला ठेवलीय. एवेर, मी सांगणार होते.

एवेरार्डो : दगड गेला हे मला प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच दिवशी कळलं.

ओरालिया : तुला दिसला?

एवेरार्डो : दिसायला कशाला हवा? घंटी वाजली नाही. एरवी तुझी घंटी खुळखुळत असते, तशी सगळ्या वाटेवर. उंबरठ्यावर ती दोनदा वाजते. ठण, ठण. पुढचं चाक, मागचं चाक. मग मी मोजतो. सहा मोजले की डावं वळण, उजवीकडं घळ. बसमध्ये कसं, दोरी ओढली, घंटी झाली की मला स्टॉप समजायचा, आरशात बघावं लागत नव्हतं. तसं.

ओरालिया : आणि आता?

एवेरार्डो : आता मोजायला सुरुवात कुठून करायची, ते कळत नाही. परवा तुझ्या मागून यायला उशीर झाला मला, तुला सांगितलं चेन उतरली. चेन नव्हती उतरली. वळण चुकलो. त्या हिरव्या खोडाच्या झाडानं धरलं, नाहीतर घळीत होतो.

ओरालिया : अरे देवा. आणि मला बोलला नाहीस.

एवेरार्डो : तू इतकं छान ठोकून भरलं होतंस. हात लावून बघितलं मी. तीन थर असणार, म्हटलं. कंबर धरून तीन दिवस झोपली होतीस ती ह्याच्यापायी. कोणत्या तोंडानं बोलायचं?

नाल्दो : मग ऑक्टोबरात पडलात कसे? दगड तर होता.

एवेरार्डो : तिला विचार, त्या दिवशी काय झालं.

ओरालिया : काय झालं? खालून चौघं वर येत होते. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, म्हणून मी तुला ओरडून सांगितलं, थांब. तू थांबलास. ते गेले. मग मी...

एवेरार्डो : मग तू काय केलंस?

ओरालिया : मी सायकलवरून उतरलेलीच होते. दगडाच्या अगदी काठावर. तिथून परत बसायला जागा नव्हती. मी सायकल उचलून खाली ठेवली आणि तिथून बसले.

एवेरार्डो : उचलून ठेवलीस. घंटी वाजली नाही. मी मागून आलो ते ठण ठण कधी होतंय त्याची वाट बघत. ते झालंच नाही, आणि मी हवेत.

ओरालिया : म्हणजे दगडानं काही केलं नव्हतं.

एवेरार्डो : त्या बिचाऱ्यानं काय करायचं. तो आपल्या जागेवर होता.

नाल्दो : माद्रिना, रडू नकोस. पीठ खारट होईल.

ओरालिया : रडत नाही. मिरचीचा हात लागला. आणि तुला कोण विचारतंय? पान घे. कीननचा नंबर आहे ना तुझ्याकडं?

नाल्दो : आहे.

ओरालिया : लाव. नाही, थांब. फोनवर नको. जाताना मला त्याच्या घरी सोड. पहिल्या वाफेचे डझनभर तमाले घेऊन जाते आणि तोंडावर सांगते, मी केलं. बाकीच्यांना उद्या सांगेन, दगडापाशी उभी राहून. एवेरार्डोचंही सांगेन. मुलींना काय कळायचं ते कळू दे.

एवेरार्डो : मुलींना मी सांगतो. माझे डोळे आहेत, बातमी मी देणार. आणि दगड परत लावायला मी येतो.

नाल्दो : पाद्रिनो, तुम्ही तिथं काय करणार?

एवेरार्डो : धुम्मस मारीन. त्याला डोळे लागत नाहीत. पूर्वी होता तितकाच उंच बसवा हां, कुणाची दया करून बोटभर खाली घेऊ नका. तुझ्या बापानं त्याच्यासाठी दात दिलेत.

ओरालिया : आणि मग? परत त्याच्यावरून उडी मारणार?

एवेरार्डो : नाही. ठण ठण झालं की मी थांबेन, उतरेन, सायकल हातात घेऊन दगड ओलांडेन, खाली परत बसेन आणि सहा मोजेन. लाज नाही त्यात, असं कुणीतरी ह्या पोराला शिकवलंय म्हणे.

ओरालिया : मग मीही उतरेन. तुझ्याबरोबर. खरं सांगते एवेर, मला भीती वाटते आता त्याची.

एवेरार्डो : ऐकलं मी तेही. पुढच्या वर्षी उतर, त्याच्या पुढच्या वर्षी उतर. उद्या एकदा जा त्याच्यावरून. मी मागं ऐकत असतो.