विजेच्या गाडीतला जनरेटर

बसा मंडळी, बसा! खांबाला टेकलेले आजोबा, पाय जरा आत घ्या, येणारी माणसं अडखळतायत. हां, असं.

आज एकच प्रश्न. आपण म्हणतो — देवावर भरवसा ठेवला, डॉक्टरवर ठेवला, जावयावर ठेवला. ठेवला म्हणजे नेमकं काय केलं हो? ठेवून हात सोडला, का एक बोट धरूनच ठेवलं? उत्तर आत्ता देऊ नका, चुकेल! आधी ऐका.

बार्शीत दिगंबरशेठ नावाचे गृहस्थ. धंदा श्रीखंडाचा. चार गावांना डबे पोचवायचे, जुन्या डिझेल टेंपोंतून. लेक वृषाली कुर्डुवाडीला दिलेली. तिथले व्याही तात्यासाहेब — माणूस मोठा, जीभ त्याहून मोठी! एकदा भर पंगतीत बोट चाटून म्हणाले, "पाव्हणं, श्रीखंड झकास! फक्त वेलदोडा कमी अन् डिझेल जास्त पडलंय."

पंगत हसली. वाढणाऱ्या वृषालीची मान खाली गेली.

मंडळी, व्याही हसला की माणूस काय काय करतो! शेठनं घरी येऊन टेंपो विकायला काढले आणि विजेच्या गाड्या घेतल्या. धूर नाही, वास नाही, आवाज नाही. नारळ फुटला, हार चढले. एक टेंपो मात्र मागं राहिला.

बायको म्हणाली, "अहो, हा कशाला?"

"असू दे."

हसू नका! तुमचे माळे काय भगवंतानं भरलेत? सगळे या 'असू दे'नंच भरलेत!

तर आता तात्यासाहेबांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं. श्रीखंड कुणाचं? दिगंबरशेठचं! वृषालीनं फोनवर सांगितलं, "अप्पा, वेळेत पोचवा हं. नाहीतर मला जन्मभर ऐकावं लागेल."

झालं! शेठची झोप उडाली. विजेची गाडी वाटेत बंद पडली तर? ड्रायव्हर रामलिंग म्हणाला, "शेठ, कुर्डुवाडीला जाऊन, परत येऊन, पुन्हा जाईल ही."

"तरी पण सोबतीला मागून टेंपो घेऊ."

"घ्या."

"आणि टेंपोचं डिझेल संपलं तर? त्याच्यामागं मोटारसायकलवर डिझेलचा कॅन."

"घ्या की!"

"आणि रामलिंग — हिची बॅटरी मधेच उतरली तर चार्ज कुठं करणार? एक जनरेटर घेऊ आत."

मांडवाला लावतात तसला भला थोरला जनरेटर आणला. गाडीत चढवला. गाडी भरली! रामलिंग डबा हातात घेऊन उभा. "शेठ, श्रीखंड कुठं ठेवू?"

शेठनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "टेंपोत ठेव."

बघा मंडळी, देखावा बघा! पुढं विजेची गाडी — तिच्यात डिझेलवर चालणारा जनरेटर. मागं डिझेलचा टेंपो — त्यात श्रीखंड. त्याच्यामागं मोटारसायकल — तिच्यावर पुन्हा डिझेल! आणि पुढच्या गाडीवर झोकात लिहिलेलं — 'धूरमुक्त सेवा'!

निघाली वरात. अर्ध्या वाटेत टेंपोच्या तोंडातून वाफ! इंजिन तापलं, बसलं ते उठेना. मोटारसायकलवाला बिचारा कॅन घेऊन धावला. अरे, डिझेल पोटभर आहे, जीवच गेलाय त्याला काय पाजतोस?

रामलिंग म्हणाला, "शेठ, जनरेटर उतरवू, डबे माझ्या गाडीत टाकू."

"आणि तू वाटेत थांबलास तर?"

"जनरेटर घेऊन गेलो तर तो पोचेल, श्रीखंड इथंच राहील. उपयोग काय त्याचा?"

चौघांनी घाम गाळून जनरेटर लिंबाखाली उतरवला. डबे गाडीत गेले. टेंपोवाला मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून मेकॅनिक शोधायला गेला. रामलिंग म्हणाला, "बसा शेठ, निघू."

"आणि हा जनरेटर कुणी नेला म्हणजे?"

"शेठ! चौघांच्या कमरा मोडल्या. कोण खिशात घालून नेणार?"

"तू हो पुढं. मी राखण करतो."

आणि माणूस उन्हात जनरेटरवर बसला हो! अंगावर नवा सदरा, खांद्यावर जरीकाठी उपरणं — तात्यासाहेबांनीच लेकीच्या लग्नात दिलेलं. मुलीच्या घरी कार्य, आणि बाप रस्त्यावर लोखंडाला सोबत!

थोड्या वेळानं फोन. वृषाली. "अप्पा, श्रीखंड वेळेवर आलं! थंडगार! सासरे म्हणतात, यंदा वेलदोड्याचा वास दारापर्यंत येतोय." शेठचे डोळे भरले. "पण तुम्ही कुठाय? पानं वाढून झालीत. सासरे हटून बसलेत — व्याही आल्याशिवाय घास उचलणार नाही! सगळी पंगत थांबलीय अप्पा. वऱ्हाडी माझ्या तोंडाकडं बघतायत."

ज्याची भीती होती तेच! माल वेळेवर, मालक उशिरा! लेकीला खाली बघायला कुणी लावलं? गाडीनं? नाही मंडळी — बापानं!

तेवढ्यात रामलिंग परत आला. गाडीतलं चार्जिंग अर्ध्याच्या वर. "शेठ, चला. तिकडं पोरं भुकेनं रडायला लागलीत."

शेठ उठले. चार पावलं गेले. परत फिरले. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि — हसाल तुम्ही — त्या उपरण्यानं जनरेटर लिंबाला बांधला! वर गाठ! गाठीवर गाठ!

मांडवात शिरल्याबरोबर तात्यासाहेबांनी खांद्याकडं बघितलं. "पाव्हणं, आमचं उपरणं?"

"झाडाला बांधलंय."

"झाडाला थंडी वाजत होती काय?"

पंगत हसली. पण या वेळी वृषालीही हसली, वडिलांना हाताला धरून पाटावर बसवलं, आणि पहिली वाटी त्यांच्या पानात वाढली. पंगत जेवू लागली.

संध्याकाळी परतीला लिंबाखाली गाडी थांबवली. जनरेटर जागच्या जागी! उपरणं — गेलं!

अरे, न्यायचं होतं ते नेलं, आणि राखलं ते कुणाला नकोच होतं! कळलं?

शेठवर हसलात, चांगलं झालं, पोट मोकळं झालं. आता माझं ऐका. मघाशी आत येताना तुम्ही देवापुढं हात जोडून म्हणालात — 'देवा, सगळं तुझ्या हवाली.' म्हणालात ना? मग तुमच्यातली निम्मी माणसं पिशवीत घालून मांडीखाली काय दाबून बसलीत?

चपला!

अख्खा जन्म सांभाळायला दिला ज्याला, त्याच्यावर एका चपलेच्या जोडाचा भरवसा नाही? उठा! ठेवा बाहेर! मी थांबतो. सगळ्यांनी मोकळ्या मांडीनं येऊन बसा — मगच टाळ वाजेल!