कन्सोलला कुंकू

लालबागच्या रिपेअरिंगच्या दुकानात श्रेया वडिलांचा बंद पडलेला फोन घेऊन उभी होती. तिच्यापुढे मायलेक होते आणि काउंटरवर त्यांचा जुना गेम कन्सोल.

“व्हिडिओ बघायचं सॉफ्टवेअर मीच घातलंय यात. दसऱ्यापर्यंत मस्त चाललं, आता पेनड्राइव्ह ओळखतच नाही,” मुलगा म्हणाला.

“फॉरमॅट मारलास?” दुकानदाराने विचारलं.

“आई मारू देत नाही.”

“सांग ना यांना, त्याने काय होतं ते,” आई म्हणाली.

“सगळं पुसलं जातं. मग ओळखतो.”

“आणि त्यातला बाबांचा शेवटचा दशावतार?”

“तो जाणार.”

“मेल्या, मग ओळखून करायचं काय?”

“मावशी, यूएसबीच्या भोकात कुंकू आहे हो!” दुकानदार कन्सोलमध्ये डोकावत म्हणाला.

“दसऱ्याला पुजला ना. टीव्हीला वरून लावलं, ह्याला आत.”

“आत कशाला, आई?”

“बाबा आत नाहीत का?”

दुकानदाराने ब्रश फिरवून पेनड्राइव्ह खोचला. दुकानातल्या टीव्हीवर राक्षस गरजला.

“हे काका वाटतं?”

“नाय ओ. ती बाजूची नथवाली. साडी माझीच.”

मायलेक टीव्हीपुढेच उभे होते. दुकानदार श्रेयाकडे वळला. “तुमचं काय, ताई?”

श्रेयाने फोन पुन्हा पर्समध्ये ठेवला.

“आधी यांचं बघून होऊ दे.”