चौसष्ट नंबर उचलत नाही

बाई : नाही भाऊ, ते पान मी पाहिलंय. तीन वर्षांत चार वेळा पाहिलंय. तेरा तारीख, आईचं नाव आणि पुढे लाल शाईत ‘रजा’. पुन्हा दाखवून जखमेवर मीठ कशाला चोळताय?

रेकॉर्डवाले : बसा तर आधी. या रेकॉर्ड रूमला अकरा अर्ज केलेत तुम्ही. अकरावा वाचताना मला काहीतरी खटकलं. तुम्ही लिहिलंय, आईची रात्रपाळी होती.

बाई : होतीच. रात्री दहा ते सकाळी सहा. मी तेव्हा वर्षाची, अंगात ताप. मला बाबांकडे सोपवून ती टेलिफोन एक्स्चेंजला गेली, ऑपरेटर होती तिथे. पहाटे तीनला धरणाच्या पहारेकऱ्याचा फोन आला, की पाणी सुटलंय, दोन-अडीच तासांत खालच्या आळीत शिरेल. आईनं बोर्डवर बसून एकेका घरी फोन लावला, लोकांना उठवलं. हे ती सांगते. पेपर काय सांगतो ते या कात्रणात आहे.

रेकॉर्डवाले : पाठ आहे मला. ‘ऑपरेटर रजेवर असताना एक्स्चेंजचे साहेब स्वतः बोर्डवर बसले.’ आणि वर साहेबांना पदक लावतानाचा फोटो. त्याचीच मोठी प्रत आमच्या व्हरांड्यात टांगलीय.

बाई : आज तिच्याखालूनच आले. मान वर केली नाही. भाऊ, खरं सांगू? मागच्या खेपेला ते ‘रजा’ पाहिलं आणि घरी जाऊन आईच्या नजरेला नजर देता येईना. म्हटलं, लेक तापलेली, गेली नसेल कामावर. नंतर लाजेपोटी रचली असेल गोष्ट. पोटच्या पोरीनं असा विचार करावा.

रेकॉर्डवाले : रजा खरी आहे, बाई. तेरा तारखेची रजा तुमच्या आईनं घेतली होती. पण मला सांगा, तुम्ही शिकवता त्या शाळेत दिवस कधी सुरू होतो?

बाई : घंटा झाली की.

रेकॉर्डवाले : एक्स्चेंजचा सुरू व्हायचा सकाळी सहाला. सहा ते सहा. बारा तारखेच्या रात्री दहाला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचा, पण त्याची सगळी पाळी बाराच्याच पानावर. कॅलेंडरवर तेरा लागलेली, वहीत अजून बाराच. पाणी आलं तेराला, म्हणून पेपरवाल्यानं तेराचं पान उघडलं. तुम्हीही तेच उघडलंत. आणि इथे बत्तीस वर्षं धूळ खाऊन मीही तेच उघडून देत होतो. अकलेचे कांदे आपण सगळे.

बाई : आणि साहेबांना हे ठाऊक नव्हतं?

रेकॉर्डवाले : या सहा ते सहाच्या नियमाखाली सही त्यांचीच आहे.

बाई : म्हणजे मूग गिळून बसले.

रेकॉर्डवाले : पदक लावून बसले. ही घ्या बाराची कॉलवही. पानं जपून उलटा, भिजून वाळलीत, हात लागला की तुकडा पडतो.

(बाई चष्मा पुसतात, पुन्हा पुसतात, मग वही जवळ ओढतात.)

बाई : हा सात बघा. मधोमध आडवी रेघ. आमच्याकडे वाण्याच्या यादीतही सात असाच असतो. भाऊ, हे आईचं अक्षर आहे.

रेकॉर्डवाले : अक्षर राहू द्या, खाली सही आहे तिची. वरून वाचा. मोठ्यानं वाचा, भिंतींनाही ऐकू दे.

बाई : ‘तीन वाजून दोन मिनिटं. धरणावरून फोन. तीन पाच. साहेबांच्या घरी कळवले. सकाळी बघू म्हणाले.’

रेकॉर्डवाले : काय म्हणाले?

बाई : ‘सकाळी बघू.’

रेकॉर्डवाले : परत वाचा. मला फार बरं वाटतंय.

बाई : थांबा हो. ‘तीन सात, नंबर सतरा, उठवले. तीन आठ, नंबर बावीस, उठवले.’ पानभर तेच. ‘पाच वाजता पाणी पायऱ्यांवर. पाच दहा, पाय खुर्चीवर घेतले आहेत.’ पाय खुर्चीवर घेऊन फोन लावत होती, भाऊ. आणि मी म्हटलं गोष्ट रचली.

रेकॉर्डवाले : रडा, पण वहीवर नको.

बाई : बेचाळीस घरं आहेत. प्रत्येकापुढे ‘उठवले’. फक्त त्रेचाळिसाव्यापुढे नाही. चौसष्ट. ‘उचलत नाही.’ मग पुन्हा चौसष्ट, पुन्हा चौसष्ट. सात वेळा. शेवटची ओळही तीच.

रेकॉर्डवाले : चौसष्ट कोण ते त्या वेळच्या डिरेक्टरीत बघतो. तोवर आईंना फोन करा. लावा स्पीकरवर.

बाई : करतेच. लगेच उचलेल बघा. घरात कुणाचाही फोन वाजला की धावते. परवा दवाखान्यात एका अनोळखी माणसाचा वाजत राहिला, तर त्याच्या अंगावर गेली, आधी उचला म्हणून. नातवंडं चेष्टा करतात तिची.

आई : बोल गं.

बाई : आई, सापडलं. बारा तारखेच्या पानावर. तुझी सही, तुझे सगळे फोन, साहेबांचं ‘सकाळी बघू’सुद्धा.

आई : आता तो कुठे राहिलाय. त्याचं पदक त्याला लखलाभ.

बाई : आई, मी तुझ्यावर शंका घेतली होती.

आई : कळलं होतं मला. आठवडाभर भाजीत मीठ नव्हतं. ते जाऊ दे. वही समोर आहे तुझ्या?

बाई : समोरच आहे.

आई : चौसष्टपुढे काय लिहिलंय?

बाई : ‘उचलत नाही.’ सात वेळा लावलास तू.

आई : आठ. आठव्याला दिवे गेले, लिहायचं राहिलं. दोन दिवसांत आपण ते गाव सोडलं. तुझे बाबा म्हणाले, आता मागे वळून बघायचं नाही. मला तरी कुणाला विचारायची छाती कुठे होती? निजलेलीच राहिली असतील ती माणसं.

बाई : म्हणून कात्रण दाखवलं की तोंड फिरवायचीस? मला वाटायचं साहेबांच्या फोटोमुळे.

आई : त्यात गेलेल्यांची नावं असतील, असं वाटायचं.

रेकॉर्डवाले : बाई, चौसष्ट म्हणजे घड्याळजी. खालच्या आळीतलं शेवटचं घर.

बाई : घड्याळजी? थांबा, हे नाव मी वाचलंय. कात्रणातच आहे, अगदी तळाशी. आई, ऐकतेस ना? ‘पाण्याने एकही बळी घेतला नाही. घड्याळजींचे घर छपरापर्यंत बुडाले, मात्र सर्व कुटुंब आठवडाभर बाहेरगावी असल्याने घराला कुलूप होते.’ तीन वर्षं पर्समध्ये घेऊन फिरतेय मी हे. तू विचारलं नाहीस, मी वाचून दाखवलं नाही.

आई : परत वाच.

बाई : ‘घराला कुलूप होते.’

आई : बाहेरगावी होते.

बाई : सगळेच्या सगळे. बेचाळीस घरं तू उठवलीस आणि त्रेचाळिसाव्यात कुणी नव्हतंच. एकही माणूस गेला नाही, आई. तुझ्यामुळे.

रेकॉर्डवाले : आई, नमस्कार. मी इथला रेकॉर्डवाला. साहेबांचा फोटो आजच उतरवतो. त्या जागी तुमचं पान लावू, खाली तुमचं नाव.

आई : फोटो राहू द्या. पान शेजारी लावा. ते ‘सकाळी बघू’ तेवढं लांबून वाचता येईल असं करा.

रेकॉर्डवाले : हातभर अक्षरात करतो. सही-शिक्क्यासकट.

बाई : संध्याकाळी येते मी, आई. पानाची प्रत घेऊन. आणि मिठाचं लक्षात ठेवते. अगं, तुझ्यामागे कुणाचा तरी फोन वाजतोय.

आई : सूनबाईचा आहे. विसरून गेलीय घरी.

बाई : मग उचलत का नाहीस?

आई : वाजू दे. बाहेर गेली असेल ती, येईल.